अक्काच्या खांद्यासाठी सहा दिवस

सांगलीहून निघताना माझ्या वहीच्या पहिल्या पानावर एक तक्ता होता. डावीकडे मालिशचे प्रकार, मधे 'कशासाठी', उजवीकडे 'किती वेळ'. मी मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर आहे. जेवणाच्या वेळा, आंघोळीचं पाणी, कोण घरी गेली, कोण परत आली, सगळं वहीत. तेव्हा बहिणीच्या खांद्याचा प्रश्नही वहीतच सुटेल, असं मी धरून चालले होते.

माझी थोरली बहीण, अक्का, गंगाखेडला दिलेली. दाजींचं तिथे धान्याचं दुकान आहे. पाच महिन्यांपासून तिचा डावा खांदा आखडला होता. फोनवर विचारलं की तिचं उत्तर एकच, "बरंय." खरी बातमी दाजींनी दिली.

"अहो, पूजेला हात उचलत न्हाई तिचा. मुरमुऱ्यांचा डबा कोपराखाली घेऊन बसायलीय. आमची गाय तरी दुखलं की हंबरती, ही न्हाई."

सगळ्यांना हे माहीत असेलच असं नाही, म्हणून सांगते. आम्ही लिंगायत. रोज सकाळी गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, हात डोळ्यांसमोर धरायचा आणि नजर तिथे लावून बसायचं. अक्का हे लहानपणापासून करते. पाटावर ठेवून पूजा करा, असं तिला दोघीतिघींनी सुचवलं होतं. तळहात हेच त्याचं आसन, ते सोडलं तर मग उरलं काय, असं तिचं म्हणणं. मी तशी रोजची पूजा चुकवणाऱ्यांतली, पण तिचं म्हणणं मला कळत होतं.

संक्रांत झाली, मुलींच्या सराव परीक्षा संपल्या, आणि मला सहा दिवसांची रजा मिळाली. वहीत लिहिलं : 'हेतू : अक्काचा हात भुवईपर्यंत. उपाय : योग्य मालिश निवडणे.'

परभणी, सोमवार

अक्काला मी सकाळच्या गाडीने गंगाखेडहून परभणीला बोलावून घेतलं होतं. माझी गाडी आली तेव्हा ती बाकावर बसलेली होती. स्वेटर, पायात मोजे, कपाळावर विभूती, आणि डावा हात मांडीवर असा ठेवलेला, जसं कुणी दुसऱ्याचं सामान सांभाळत बसावं.

"किती वाळलीस गं शैले!"

"अक्का, आधी हात दाखव."

"आल्या आल्या? च्या तरी पी."

चहा घेतला. इथला चहा आमच्याकडच्यापेक्षा गोड आणि कपाने लहान, म्हणून दोन घेतले. मग मी पर्समधून शिंप्याची टेप काढली. इष्टलिंग हातात घेऊन मोजमाप करायला अक्का तयार होणं शक्य नव्हतं, म्हणून फळवाल्याकडून एक लिंबू घेतलं. लिंबू तळहातावर, हात जाईल तितका वर. भुवईपासून तळहात सात इंच खाली राहिला. शेजारच्या बाकावरचे आजोबा बराच वेळ बघत होते.

"काय बाई," ते म्हणाले, "टेसनावरच झंपर शिवायलात का?"

अक्का हसली. हसताना खांदा हलला आणि तिने ओठ मिटले. ते मला दिसलं, पण मी वहीत 'सात इंच' लिहीत होते.

डॉक्टरांना दाखवून झालेलं होतं. हाड शाबूत, साखर थोडी वाढलेली, खांदा आखडलाय, सुटायला महिने लागतील, रोज हे तीन व्यायाम करा, असा त्यांचा कागद होता. व्यायाम दुखतात म्हणून अक्का करत नव्हती आणि दुखतात हे कुणाला सांगतही नव्हती. म्हणून मालिश. माझा हिशेब सरळ होता : मालिशने खांदा सैल झाला की व्यायाम होतील.

रिक्षाने दहा मिनिटांवर बायकांसाठीचं एक मालिश केंद्र होतं. जागा स्वच्छ, आत ओव्याच्या शेकाचा वास, भिंतीवर फलक. थकव्यासाठी अंगभर तेलाची हलकी मालिश. जुन्या गाठींसाठी खोल दाबाची. झोपेसाठी तळपायाला काशाची वाटी. सांध्यांसाठी पुरचुंडीचा शेक. मी माझा तक्ता उघडला आणि ताडून पाहिला.

"खोल दाबाची द्या," मी म्हणाले. "दुखणं खोल आहे."

तिथल्या बाई चाळिशीच्या होत्या, हात भरदार. त्यांनी आधी डॉक्टरांचा कागद मागितला, वाचला. "ताई, अजून ठणकायलाय ना खांदा? मग शेक घ्या, हलका हात घ्या. दाब नको वाटतो मला."

"हलक्याने पाच महिन्यांचं कसं सुटेल?" हे मी वसतिगृहातल्या आवाजात म्हणाले. त्या आवाजापुढे माझ्या मुली तर सोडाच, दूधवालाही काही बोलत नाही. बाईंनी अक्काकडे पाहिलं. अक्काने माझ्याकडे.

"ती म्हणती तसं करा," अक्का म्हणाली.

मी पलंगाच्या पायथ्याशी स्टुलावर बसले. बाईंनी तीनदा विचारलं, "जोर बरोबर हाय ना? दुखायलं तर सांगा." अक्काने तीनदा सांगितलं, "बरंय." चादरीच्या बाहेर तिचे पाय दिसत होते. मोजे तेलासाठी काढले होते. पायाची बोटं आत वळलेली होती. मला वाटलं, थंडी वाजतेय. मी उठून चादर ओढली आणि पाय झाकले.

बाहेर पडल्यावर विचारलं, कसं वाटतंय. ती म्हणाली, "बरंय."

गंगाखेड, मंगळवार

सकाळी लिंबू, टेप. नऊ इंच.

मी पुन्हा मोजलं. नऊच.

पूजा मी दारातून पाहिली. डबा कोपराखाली होता तरी हात छातीच्या खालीच राहिला. मग तिने मान खाली घातली, अजून खाली, पाठीला बाक काढून, नजर हाताकडे नेली. अर्धा तास ती तशी बसली. उठताना भिंत धरावी लागली.

न्याहारीला सुशीला होता. हा पदार्थ आमच्या सांगलीत फारसा भेटत नाही : मुरमुरे भिजवून पिळायचे, कांदा, मिरची, शेंगदाण्याच्या कुटाची फोडणी द्यायची. मात्र मुरमुरे भिजवायच्या आधीच सादळलेले होते, त्यामुळे सगळा गोळा झाला होता. मुरमुऱ्यांचा डबा देवघरात गेल्यापासून ते पिशवीत होते.

"मेहुणीबाई," दाजी घास गिळत म्हणाले, "तुमच्या तक्त्यात हात खाली आणायचा पण प्रकार हाय वाटतं."

मला हसू आलं नाही. अक्काच म्हणाली, "गप बसा हो. लेकरू लांबून आलंय." मी बावन्न वर्षांची आहे.

दाजींनी दुपारी तालमीच्या वस्तादांना दुकानात बोलावून घेतलं. साठीचे, कान मोडलेले, आवाज मात्र मऊ. गावातल्या पैलवानांच्या अंगाला त्यांचा हात. माझ्या तक्त्यात 'पैलवानी मालिश' हा प्रकार होता, आणि सकाळी काय घडलं ते पाहूनही मी त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं होतं, काट मारली नव्हती. त्यांनी अक्काच्या खांद्याला हात लावला नाही. दोन पावलांवरून पाहिलं, डॉक्टरांनी काढलेला खांद्याचा एक्स-रे फोटो उजेडात धरला.

"माझा हात तालमीतल्या पोरांना," ते म्हणाले. "त्यांचं अंग दिवसभर कष्टलेलं ऱ्हातं, दाबलं की मोकळं होतं. ह्यांचं कष्टलेलं न्हाई, धरलेलं हाय. धरलेल्याला वढायचं नसतं ताई."

चहा पिऊन ते गेले. मी काट मारली.

संध्याकाळी गोदावरीच्या घाटावर गेलो. आमच्या कृष्णेपेक्षा पात्र रुंद, मधे वाळूची बेटं. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, तेवढं मात्र अगदी घरच्यासारखं. सांडलेलं एक कांडं दाजींनी उचललं, पुसलं आणि मला दिलं. अक्का पायरीवर बसून पाण्याकडे बघत होती.

"न्हाई जमलं तर न्हाई जमलं," ती एकदम म्हणाली. "पाटावर ठेवून करीन. वय झालं म्हणायचं."

पाच महिने ज्याला ती नाही म्हणत होती, ते तिने आज, मी आल्यावर, मान्य केलं होतं. ऊस गोड होता. मला तो संपवता आला नाही.

चुडावा, बुधवार

बुधवारच्या पानावर मालिश नव्हतीच. 'बाळ पाहणे, झबली-टोपडी देणे' एवढंच होतं. अक्काची मुलगी सुनंदा चुडाव्याला दिलेली आहे. दुसरं बाळंतपण सासरीच झालं, मुलगी झाली, दोन महिन्यांची.

पूर्णा स्टेशनच्या पुढे गाडी निम्मी रिकामी झाली. खिडकीतून काळी जमीन, हरभरा, आणि करडईची पिवळी फुलं. करडईचं शेत लांबून फार लोभस दिसतं. सुनंदाच्या घरी जाताना बांधावरून वाट होती, तिथे करडईच्या काट्यांनी माझ्या साडीचा काठ फाडला. आमच्याकडे फोडणीला शेंगदाण्याचं तेल, इथे करडईचं. भाजीला वास वेगळा येतो, पहिल्या घासाला नवा वाटतो, तिसऱ्याला आवडतो.

अंगणात उन्हाला सरूबाई बसल्या होत्या. सत्तरीच्या, काटक. पाय लांब केलेले, नडग्यांवर बाळ पालथं. बाळंतिणी आणि लेकरं यांना न्हाऊमाखू घालणं हेच त्यांचं आयुष्यभराचं काम. करडईच्या तेलाची वाटी गरम पाण्यात ठेवलेली, म्हणजे तेल कोमट राहतं. बाळ रडत नव्हतं. मी बघत होते की सरूबाई बाळाच्या पाठीकडे बघतच नाहीत. हात पाठीवर, नजर पायांकडे.

"तुम्ही पाय का बघता?" मी विचारलं.

"लेकरू बोलतंय व्हय? रडतंय ते शेवटाला. त्याच्या आधी बोटं वळत्यात." त्यांनी बाळाच्या मांडीवर अंगठा किंचित जास्त टेकवला. इवली बोटं आत वळली. अंगठा उचलला, बोटं उघडली. "हे बघा. एवढं कळलं की झालं."

मी वही उघडली होती. पेन तसंच राहिलं.

सुनंदा म्हणाली, "सरूबाई, आईचा खांदा बघा की."

"मी लेकराची मालिश करती. खांदे मला काय कळायलेत?" पण त्यांनी अक्काकडे पाहिलं. "डाक्टरला दावलं का? फोटू काढला? हाड बरं हाय म्हणला? सूज न्हाई, मुंग्या न्हाईत?" सगळ्यांची उत्तरं झाल्यावर म्हणाल्या, "मोजे काढा."

"दुखणं खांद्याला अन् मोजे कशाला?" अक्का म्हणाली.

"काढा की माय. मला तुमचं तोंड न्हाई बघायचं."

अक्काला घोंगडीवर टेकून बसवलं. सरूबाईंनी खांद्याला हातच लावला नाही. आधी तळहात, मग मनगट, कोपरापर्यंत. मग मानेच्या मागे. तेल भरपूर, जोर बाळाला लागतो त्यापेक्षा थोडा जास्त. बऱ्याच वेळाने हात दंडावरून वर सरकला. अक्काच्या पायाचा अंगठा वळला. सरूबाईंचा हात तिथेच हलका झाला.

"दुखलं का?" सुनंदाने विचारलं.

"न्हाई गं, बरंय."

"तुमी गप बसा माय," सरूबाई म्हणाल्या. "तुमाला कुणी इचारलंय?"

सुनंदा फस्सकन हसली. अक्काही. मी हसू शकले नाही. मला चादर आठवली. परभणीला ती बोटं माझ्या समोर होती, हातभर अंतरावर, आणि मी ती माझ्या हाताने झाकली होती.

जेवणाआधी मी अक्काला गोठ्यापाशी गाठलं आणि ते सांगितलं.

"मला ठाव हाय," ती म्हणाली. "तू चादर घातलीस तवा बरं वाटलं मला. इतकी काळजी करायलीस."

"पण तू नाही का म्हणाली नाहीस?"

"तू एवढा तक्ता काढून आलीस. न्हाई कसं म्हणायचं?"

दुपारी लिंबू, टेप. आठ इंच. बरं झालं असं म्हणण्याजोगं काही नाही. मी बिघडवलेल्यातलं निम्मं परत आलं होतं. पण त्यानंतर अक्काने उभं राहून, वाकून, हात घड्याळाच्या लंबकासारखा सैल झुलवला. डॉक्टरांच्या कागदावरचा तो पहिला व्यायाम. पाच महिन्यांत पहिल्यांदा.

चुडावा, गुरुवार आणि शुक्रवार

आता प्रश्न वेगळा. सरूबाईंचा हात रोज हवा, आणि अक्का लेकीच्या सासरी मुक्काम करायला तयार नाही. जुन्या वळणाची माणसं अजून मानतात हे; आमच्याकडेही होतं, हल्ली कुणी विचारत नाही. सुनंदाने विनवलं, तिच्या सासूबाईंनी आग्रह केला. अक्का म्हणाली, "आमी जाऊ येऊ." गुरुवारी आम्ही पुन्हा गाडीने आलो. पण एवढा प्रवास रोज करवणार नव्हता, हे टेप न लावता दिसत होतं.

"मग घरातलं कुणी शिकून घ्या," सरूबाई म्हणाल्या. "ह्यात काय इद्या हाय? ह्या वहीवाल्या बाईला शिकवते."

"मी उद्या परवा जाणार."

"मग ह्यांचे मालक कुठंयत?"

शुक्रवारी दाजींनी दुकान बंद ठेवलं. आठवड्याच्या सुट्टीखेरीज इतर दिवशी दुकान बंद पाहून, ते सांगत होते, तिघांनी विचारलं की कोण वारलं. अंगणात ते घोंगडीच्या कडेला बसले, धोतर सावरून, परीक्षेला बसल्यासारखे. सरूबाईंनी आधी बाळाचा पाय त्यांच्या हातात दिला.

"नातीचं अंग बघा. दाबू नका."

दाजींचा हात पोती उचललेला. बाळाची बोटं वळली आणि त्याने भोकाड पसरलं. सरूबाईंनी त्यांच्या मनगटावर चापटी मारली.

"शेटजी, दुकानात जवारी कशी पारखता?"

"हातावर घेऊन. अशी..." त्यांनी तळहात उघडला, अंगठ्याने न दिसणारे दाणे सरकवले.

"दाबता का?"

"दाबून कशी कळंल? दाणा फुटंल की."

"मग हितं का दाबायलात?"

दाजी आपल्या हाताकडे बघत राहिले. मग त्यांनी तेल घेतलं आणि अक्काचं मनगट हातात धरलं, ज्वारीचा नमुना धरावा तसं. चाळीस वर्षांच्या संसारात चारचौघांत त्यांनी तिचा हात असा धरला नसावा, कारण अक्का लाजून सुनंदाकडे बघेना. दाजींची नजर मात्र तिच्या पायांवरून हलली नाही. एकदा अंगठा वळला तेव्हा सरूबाईंच्या आधी त्यांनी हात उचलला.

"आत्ता दुखलं हिला," ते म्हणाले. "मला दिसलं."

निघताना सरूबाईंनी करडईच्या तेलाची बाटली बांधून दिली. ती गाडीत माझ्याच पिशवीत गळली आणि वहीची पहिली पानं तेल पिऊन पारदर्शक झाली. तक्ता वाचता येतो अजून, मागच्या पानावरच्या किराणा यादीसकट. शुक्रवारचं मोजमाप : साडेसहा इंच.

परत, आणि नंतर

तक्ता मी नव्याने केला. जायच्या आधी मालिश म्हणजे तेल, जोर आणि प्रकार एवढंच मला कळत होतं. आता, विचाराल तर, हे सांगेन. नुसता शिणवटा असेल तर हलक्या हाताची, अंगभर. कष्टून आखडलेल्या दणकट अंगाला दाब चालतो. झोप लागत नसेल तर तळपायाला काशाची वाटी. ठणकणाऱ्या, धरलेल्या सांध्याला दाब नाही. शेक, कोमट तेल, आणि मालिशनंतर डॉक्टरांनी दिलेला व्यायाम, कारण हात वर नेतो तो व्यायाम, मालिश त्याला वाट करून देते. सूज, ताप, बधिरपणा असेल तर मालिशवाल्याआधी डॉक्टर. आणि परभणीच्या त्या बाईंसारखं कुणी "दाब नको" म्हणालं, तर ऐकावं. मी त्यांना फोन करून तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या ताई, असं लय जण म्हणतेत. अक्कांना घेऊन या, शेक देते." आता महिन्यातून दोनदा अक्का शेकाला तिथे जाते.

तक्त्यात एक रकाना वाढवला आहे : 'दुखतं हे माणूस सांगतं का?' सांगत असेल तर कुठेही जा. सांगत नसेल, तर जो बघतो त्याच्याकडे जा.

दर रविवारी सकाळी मी फोन करते. दुकान उघडायच्या आधी, पूजेनंतर. फेब्रुवारीत साडेपाच इंच. मार्चात चार. मधे एकदा उलटं, पाच, कारण अक्काने वाळवणाचे डबे माळ्यावर चढवले होते. "कसं आहे?" मी विचारते. ती म्हणते, "बरंय." आणि मागून दाजींचा आवाज येतो, "खोटं हाय! आत्ताच अंगठा वळला."

गेल्या रविवारी मी फोन केला तेव्हा दाजींनी उचलला. तोंडात घास होता.

"किती इंच दाजी?"

"आज मोजलं न्हाई."

"का?"

"लिंबू सुशीलावर पिळलं." घास गिळल्याचा आवाज आला. "मुरमुरे कुरकुरीत हायत, मेहुणीबाई. डबा सैपाकघरात आलाय."